मोबाईल घेताना आपण नेमकं काय विकत घेतो? नेटवर्क परिणाम आणि ग्राहकाची मागणी

निशिगंध

छत्री घेतली की ती मला पावसात उपयोगी पडते. शेजाऱ्यांकडे छत्री आहे की नाही, याने माझ्या छत्रीचा उपयोग कमीजास्त होत नाही. फोनचं तसं नाही. जगात एकच फोन असेल तर तो कितीही उत्तम असो, त्यावरून बोलणार कुणाशी? माझ्या फोनचं मोल इतरांनी घेतलेल्या निर्णयांवर ठरतं, आणि मी फोन घेतला की त्यांच्या फोनचं मोल थोडं वाढतं. या वाढीचे पैसे मला कुणी देत नाही, म्हणून फोन घ्यायचा की नाही हे ठरवताना मी ती हिशेबातही धरत नाही. नेटवर्क परिणाम तो हाच. धागा काढायचं कारण असं की या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा ‘जितके ग्राहक जास्त तितकं नेटवर्क मोलाचं’ इथेच थांबते. ग्राहकाची मागणी समजून घ्यायला हे वाक्य मला फार अपुरं वाटतं.

या विचाराला नीट गणिती रूप दिलं ते जेफ्री रोल्फ्स यांनी, १९७४ साली. ते बेल लॅब्जमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि प्रश्न त्यांच्या दारातलाच होता. एटी अँड टीने १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन, म्हणजे बोलणारा माणूस पडद्यावर दिसेल असा फोन, दाखवला, १९७० मध्ये पिट्सबर्गला त्याची सेवा सुरू केली, आणि ती चाललीच नाही. भाडं भरमसाट होतं हे खरं, पण ज्यांना ते परवडत होतं त्यांनाही पडद्यावर बघायला समोर माणूस नव्हता.

त्या विचाराचं अगदी साधं रूप असं. लोकसंख्येतले सगळे जण उत्सुकतेच्या क्रमाने उभे करा. समाजातल्या क्ष इतक्या हिश्श्याकडे फोन आहे, तर रांगेतल्या पुढच्या माणसाची उत्सुकता (१ – क्ष), आणि त्याला मिळणारं नेटवर्क क्ष. तो किती पैसे मोजेल? दोन्हींचा गुणाकार. १०% लोकांकडे फोन असताना ०.०९, ५०% वर ०.२५, आणि ९०% वर पुन्हा ०.०९. म्हणजे मागणीची रेषा नेहमीसारखी डावीकडून उजवीकडे उतरत नाही, ती आधी चढते आणि मग उतरते. आता किंमत ०.०९ आहे असं धरा. ८% लोकांवर सुरुवात झाली तर पुढचा माणूस ०.०७ च्या आसपासच द्यायला तयार असतो, लोक सोडून जायला लागतात आणि सेवा शून्यावर येते. १२% वर सुरुवात झाली तर तो ०.१० हून थोडं जास्त देतो, आणि गाडी थेट ९०% वर जाऊन थांबते. किंमत तीच, माणसं तीच, शेवट दोन. तो १०% चा उंबरठा म्हणजेच क्रिटिकल मास.

मोबाईलला मात्र बोलण्याच्या बाबतीत हा उंबरठा ओलांडावाच लागला नाही, कारण पहिल्या दिवसापासून तो लँडलाइनशी जोडलेला होता. १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये पहिला जीएसएम कॉल झाला, तेव्हा त्या ग्राहकापुढे सगळं जुनं टेलिफोन नेटवर्क तयार होतं. एसएमएसला हे भाग्य नव्हतं. पहिला एसएमएस डिसेंबर १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये गेला, पण तिथल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांना मेसेज पाठवता येऊ लागले ते १९९९ मध्ये. त्यानंतर मेसेजचं प्रमाण अफाट वाढलं. फोन तेच होते, बटणं तीच होती. पाठवण्याजोगी माणसं आली.

मेटकाफच्या नियमाप्रमाणे नेटवर्कचं मोल सदस्यसंख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं. त्यात प्रत्येक जोडी सारखीच मोलाची धरली आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. मला कोट्यवधी अनोळखी ग्राहकांचं काय करायचं? माझे कॉल मोजक्या माणसांना जातात. डॅनियल बर्क आणि पीटर स्वॉन यांनी २००६ मध्ये ब्रिटनमधल्या कुटुंबांची माहिती तपासली, तेव्हा मोबाईल कंपनी निवडताना तिचे एकूण ग्राहक किती यापेक्षा घरातली बाकीची माणसं कोणत्या कंपनीकडे आहेत याचा प्रभाव कितीतरी जास्त दिसला. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच, की ग्राहक नेटवर्कचा आकार विकत घेत नाही, आपल्या माणसांपर्यंतची वाट विकत घेतो. तुमचं मत वाचायला आवडेल.


माळरान

छान धागा. मी बरीच वर्षं टेलिकॉमच्या बिलिंगमध्ये काम केलंय, त्यामुळे दरांची बाजू मांडतो.

सगळी नेटवर्कं एकमेकांना जोडलेली असतील तर माझ्या माणसांकडे कोणत्या कंपनीचं सिम आहे याने मला फरक पडायला नको. तरी पडतो, कारण कंपन्या तो दरांमधून तयार करतात. आपल्या नेटवर्कमध्ये कॉल स्वस्त, बाहेर महाग, असं केलं की जोडलेल्या नेटवर्कमध्येही कुंपण उभं राहतं. लाफाँ, रे आणि तिरोल यांनी १९९८ मध्ये हे मांडलं: तांत्रिक अडथळा एकही नसताना निव्वळ दरपत्रकातून नेटवर्क परिणाम निर्माण होतो.

त्याच्या मुळाशी टर्मिनेशन चार्ज आहे. मी दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला कॉल केला की तो पोचवण्याबद्दल माझी कंपनी त्या कंपनीला पैसे देते. त्या ग्राहकापर्यंत जायला दुसरा रस्ताच नसल्यामुळे कंपनी कितीही लहान असली तरी आपल्या ग्राहकांपुरती मक्तेदार असते. तरी मार बसतो तो लहान कंपनीलाच. हिशेब बघा: बाजारात एकीचे ६०% ग्राहक आहेत, दुसरीचे १०%. लोक कुणालाही सारखेच कॉल करतात असं धरलं तर मोठीच्या ग्राहकाचे दहातले सहा कॉल घरातल्या घरात राहतात, लहानच्या ग्राहकाचे दहातले नऊ बाहेर जातात. दोघींनी अगदी सारखं दरपत्रक छापलं तरी लहानच्या ग्राहकाचं बिल जास्त येतं. युरोपियन आयोगाने २००९ मध्ये हे शुल्क खऱ्या वाढीव खर्चाच्या जवळ आणायची शिफारस केली, त्यामागे हेही एक कारण होतं.

ग्राहकांनी यावर आपला उपाय काढला: दोन सिम. कितीतरी देशांत सिमची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली, त्यात या कुंपणावरून उडी मारणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे सिमच्या आकड्यावरून मागणी मोजणाऱ्यांनी जपून राहावं. एकच माणूस त्यात दोनदा मोजला जातो.


काजवा

निशिगंध, पूर्ण सहमत. आमच्याकडे बहिणीने कंपनी बदलली, मग आईने, मग आम्ही सगळ्यांनी. कुणीही ‘या कंपनीचे ग्राहक किती’ असं विचारलं नाही. ‘ताईशी फुकट बोलता येईल का’ एवढंच विचारलं.


चक्रधर

काजवा, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून नेटवर्क परिणाम सिद्ध होतो का, याबद्दल मला शंका आहे. एका घरातली माणसं एकाच ठिकाणी राहतात, म्हणून त्यांना एकाच कंपनीची रेंज चांगली मिळते. त्यांचं उत्पन्न एकत्र असतं, त्यांनी एकच जाहिरात पाहिलेली असते, बऱ्याचदा बिल एकच माणूस भरतो. एकमेकांशी बोलायचा प्रश्नच नसता तरी त्यांनी बहुधा एकच कंपनी निवडली असती. चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये याच अडचणीवर बोट ठेवलं: गट माणसाला घडवतो, की सारखी माणसं गटात येतात, की दोघांवर एकाच परिस्थितीचा परिणाम होतो, हे नुसत्या आकडेवारीतून वेगळं काढता येत नाही.

मूळ लेखातली ‘आपल्या माणसांची वाट’ मला पटते. पण त्या वाटेचं मोल मोजायचं कसं? ते मोजता येत नसेल तर मागणीचा सिद्धांत म्हणून तिचा उपयोग काय?


निशिगंध

चक्रधर, याच प्रश्नासाठी मला रवांडाचा अभ्यास सांगायचा होता. डॅनियल ब्योर्केग्रेन यांनी तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे साडेचार वर्षांचे व्यवहार अभ्यासले (तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला). देशातले त्या वेळचे जवळपास सगळे मोबाईल ग्राहक त्यात होते. कोण कुणाला कधी कॉल करतो, कोणत्या टॉवरवरून, त्या दिवशी दर काय होता, हे सगळं.

त्यातली युक्ती मला फार आवडली. ‘मित्राने फोन घेतला म्हणून याने घेतला का’ हा प्रश्न ते विचारतच नाहीत, कारण तिथे तुम्ही म्हणता ती अडचण येते. ते फोन घेतल्यानंतरचा वापर बघतात. कॉल करणारा प्रत्येक कॉलचे पैसे मोजतो. दर उतरले किंवा रेंज सुधारली की कोणाशी बोलणं किती वाढलं, यावरून त्या एका नात्याचं त्याच्या लेखी मोल किती ते उलगडतं. सगळ्या नात्यांची बेरीज केली की फोन घेण्यातून त्याला काय मिळणार होतं ते कळतं, आणि ते फोनच्या किमतीपुढे ठेवून त्याने ज्या वेळी फोन घेतला त्याच वेळी का घेतला हे तपासता येतं. थोडक्यात, प्रत्येक वाट वेगळी मोजता येते, ‘नेटवर्कचा आकार’ असा एकच आकडा धरावा लागत नाही.

यातून निघालेले दोन निष्कर्ष मला महत्त्वाचे वाटतात. कंपनीला ग्रामीण भागात सेवा देण्याची सक्ती होती. त्या सक्तीने कंपनीचा नफा घटला, समाजाचा एकूण फायदा मात्र वाढला. नेटवर्क परिणाम डोक्यात ठेवला की हे स्वाभाविक वाटतं: खेड्यात टॉवर उभा राहिला की खेड्यातल्या माणसाला फोन घ्यावासा वाटतोच, शिवाय त्याच्या शहरातल्या भावालाही फोनचा जास्त उपयोग होतो. तो दुसरा फायदा टॉवरच्या जमाखर्चात दिसत नाही.

दुसरा कराचा. गरीब देशांमध्ये मोबाईलवर जबर कर असतात. वाढत्या नेटवर्कमध्ये अशा कराचा समाजावरचा खरा भार, मिळालेल्या महसुलाच्या ३.१ पटीपर्यंत जाऊ शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. नेहमीच्या पद्धतीने, नेटवर्क परिणाम न धरता मोजलं तर हा भार फारच कमी दिसतो. हँडसेटवरचा कर कमी करून तो वापरावर टाकला असता तर गरीब ग्राहकांचा लाभ किमान २६% नी वाढला असता. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण फोन ही चैनीची वस्तू समजून कर लावणारा मंत्री एका माणसाचा फोन लांबणीवर टाकत नसतो. त्या माणसाला ज्यांना कॉल करायचा होता त्या सगळ्यांचं फोन घेण्याचं एक कारण तो कमी करत असतो, आणि मग त्यांच्यातलेही काही जण थांबतात.


चक्रधर

हे उत्तर समाधानकारक आहे. एक टीप: ही पद्धत तिथे चालली कारण बाजार जवळपास एकाच कंपनीच्या हातात होता आणि कॉलचे पैसे प्रत्येक कॉलमागे लागत होते. अमर्याद कॉलच्या योजनांमध्ये जास्तीच्या कॉलला किंमतच नसते, तेव्हा वापरावरून नात्याचं मोल असं उलगडणार नाही. आज हाच अभ्यास करायचा तर वेळ मोजावा लागेल.


उंबरठा

तुम्ही सगळे कॉल आणि मेसेजबद्दल बोलताय. आजच्या फोनची मागणी ठरते ती ॲपवरून, आणि तिथला परिणाम अप्रत्यक्ष आहे. ग्राहक जास्त म्हणून ॲप बनवणारे येतात, ॲप जास्त म्हणून ग्राहक येतात. माझा फोन कोणत्या कंपनीचा आहे याने माझ्या मित्राला थेट काही मिळत नाही, पण आम्ही दोघं मिळून ॲप बनवणाऱ्याला ओढत असतो.

मी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणारा विंडोज फोन वापरला आहे आणि आजही मला ती प्रणाली सुंदर वाटते. स्वस्तातल्या फोनवरही ती लोण्यासारखी चालायची. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने ती स्वीकारली, तेव्हा नोकिया विक्रीत जगात पहिली होती. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यातले ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले. पैसा होता, कारखाने होते, दुकानापर्यंतची साखळी होती. ॲपची संख्याही लाखांत होती! पण इन्स्टाग्राम आलं ते २०१३ च्या शेवटी, आणि तेही अर्धवट. यूट्यूबचं मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेलं ॲप गूगलने अडवलं. स्नॅपचॅट कधीच आलं नाही. म्हणजे निशिगंध यांचा मुद्दा इथेही लागू पडतो: एकूण आकड्याने काही साधलं नाही, आपली माणसं जिथे आहेत ती चारपाच ॲप नव्हती. ॲपलने जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात जेमतेम ५०० ॲप होती, पण तेव्हा समोर तुलनेला कुणी नव्हतं. तीन वर्षांनी आलेल्याला ५०० पुरत नाहीत.

याहून स्वच्छ उदाहरण हुआवेचं. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले आणि नव्या फोनवर गूगलच्या सेवा देता येईनात. कॅमेरा, बॅटरी, पडदा सगळं उत्तमच राहिलं. चीनबाहेर मागणी कोसळली. चीनमध्ये मात्र गूगलच्या सेवा आधीपासूनच नव्हत्या, तिथल्या लोकांची माणसं आणि ॲप दुसरीकडेच होती, त्यामुळे तिथे विक्री टिकून राहिली. वस्तू तीच, फक्त तिच्याभोवतीचं नेटवर्क वेगळं. अर्थशास्त्राला असा प्रयोग ठरवून करता आला नसता.


सोनचाफा

उंबरठा, प्रतिसाद फार आवडला. त्यात मेसेजिंगची भर घालते.

ब्लॅकबेरी मेसेंजर २००५ चा. एकेकाळी लोक निव्वळ त्यासाठी ब्लॅकबेरी घ्यायचे. कंपनीने ते आपल्याच फोनपुरतं ठेवलं, कारण तेच फोनच्या मागणीचं इंजिन होतं. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आलं आणि नेमकं उलट वागलं. आयफोन, अँड्रॉइड, ब्लॅकबेरी आणि नोकियाचे साधे फोन, सगळीकडे गेलं. शिवाय नवं नाव घ्यायला नको, ब्लॅकबेरीसारखी पिनची देवाणघेवाण नको. तुमचा नंबर हीच तुमची ओळख आणि फोनमधली नावांची यादी हेच तुमचं नेटवर्क. उघडल्या उघडल्या आपली माणसं समोर. मोबाईलला लँडलाइनचं तयार नेटवर्क मिळालं असं निशिगंध यांनी लिहिलंय, तसंच व्हॉट्सॲपला ॲड्रेस बुक मिळालं. ब्लॅकबेरीने आपला मेसेंजर ऑक्टोबर २०१३ मध्ये सगळ्यांना खुला केला, तोवर माणसं हलून गेली होती. ३१ मे २०१९ ला तो बंद झाला.

बाहेर पडणं किती कठीण असतं ते जानेवारी २०२१ मध्ये दिसलं. व्हॉट्सॲपच्या गोपनीयतेच्या नव्या अटींवर लोक चिडले, सिग्नल आणि टेलिग्रामकडे अशी रीघ लागली की सिग्नलची सेवा काही काळ बंद पडली. व्हॉट्सॲपने मुदत फेब्रुवारीवरून मेपर्यंत पुढे ढकलली. आणि मग? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी नवं ॲप टाकलं, जुनं काढलं नाही. शाळेचा ग्रुप तिथे, नातेवाईक तिथे. एकटी जाऊन मी गप्पा कुणाशी मारणार? मला याचं वाईट वाटतं. नाराज ग्राहक सोडून जातो आणि त्या भीतीने कंपनी सुधारते, ही बाजाराची मूळ शिस्त आहे. इथे नाराजी खरी होती, पर्याय फुकट होता, तरी माणसं हलू शकली नाहीत.


पारंबी

एक फरक नोंदवावासा वाटतो. सगळे घेतात म्हणून घेणं आणि सगळ्यांशी जोडलं जाण्यासाठी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्वी लायबेन्स्टाइन यांनी १९५० मध्येच लोकांमागे जाणारी मागणी, लोकांपासून वेगळं दिसण्याची मागणी आणि महाग म्हणूनच हवीशी वाटणारी मागणी असे प्रकार वेगळे केले होते. महागड्या फोनमध्ये तिन्ही मिसळतात. अमेरिकेतल्या हिरव्या आणि निळ्या मेसेजचं बघा. आयफोनवर दुसऱ्या आयफोनवाल्याचा मेसेज निळा आणि अँड्रॉइडवाल्याचा हिरवा दिसायचा, फोटो धूसर यायचे, ग्रुप बिघडायचा. यातला धूसर फोटो हा नेटवर्क परिणाम, आणि हिरव्या रंगाची लाज हा दर्जाचा प्रश्न. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने ॲपलवर खटला भरला त्यात हा मुद्दाही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनवर आरसीएस ही एसएमएसच्या पुढची मेसेजपद्धत आल्यावर फोटो सुधारले. रंग हिरवाच राहिला.


माळरान

सोनचाफा यांच्या प्रतिसादावर. बोलण्याच्या बाजारात या अडकण्यावर एक उपाय सापडला होता: नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. सिंगापूरमध्ये १९९७ पासून, ब्रिटनमध्ये १९९९ पासून, अमेरिकेत नोव्हेंबर २००३ पासून. पण तो चालतो याचं खरं कारण जोडणी आहे. कंपनी बदलली तरी जुन्या सगळ्यांना कॉल लागतो. समजा नंबर नेता आला असता आणि कॉल फक्त नव्या कंपनीच्या ग्राहकांनाच लागला असता, तर कोण हललं असतं?

मेसेजिंगमध्ये तीच जोडणी आणायचा प्रयत्न युरोपच्या २०२२ च्या डिजिटल मार्केट्स कायद्यात आहे. व्हॉट्सॲप आणि फेसबुक मेसेंजर यांना, दुसऱ्या ॲपने मागणी केली तर, आपलं दार उघडावं लागतं. आधी दोघांमधले मेसेज, दोन वर्षांनी ग्रुप, चार वर्षांनी कॉल. ॲपलच्या आयमेसेजला फेब्रुवारी २०२४ मध्ये यातून वगळलं.


सोनचाफा

पण मग एन्क्रिप्शनचं, म्हणजे मेसेज फक्त दोन टोकांच्या माणसांनाच वाचता यावा म्हणून लावलेल्या कुलुपाचं काय? दोन वेगळ्या कंपन्यांमधून मेसेज जाणार, तर कोणती किल्ली कुणाकडे? गोपनीयतेसाठीच बाहेर पडायचं आणि मेसेज पुन्हा त्याच कंपनीतून जाणार, हे मला विचित्र वाटतं. मी कुणाशी कधी बोलले एवढं तरी तिला कळणारच.


माळरान

मजकुराचं एन्क्रिप्शन टिकवलंच पाहिजे असं कायद्यातच आहे, त्यामुळे दोन्हीकडे एकच पद्धत मानावी लागते. कोण कुणाशी बोललं हे मात्र समोरच्या कंपनीला कळेल, ते तुमचं बरोबर आहे. तो खर्च आहे, आणि तो खराच आहे.


चक्रधर

मला जोडणीपेक्षा ग्रुप हलवायची सोय जास्त महत्त्वाची वाटते. सगळे एकाच दिवशी हलले तर कुणाचंच नुकसान नाही, एकेकटा हलला तर प्रत्येकाचं नुकसान. मग ग्रुपच्या सदस्यांनी मतदान करावं आणि बहुमत झालं की अख्खा ग्रुप, जुन्या मेसेजसकट, दुसऱ्या ॲपवर जावा. नंबर नेता येतो तसा ग्रुप नेता यावा.


निशिगंध

कल्पना चांगली आहे, पण ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांचे नंबर आणि मेसेज घेऊन जायचा अधिकार बहुमताला कुठून मिळाला? नंबर माझा एकटीचा असतो, म्हणून मी तो नेऊ शकते. ग्रुप एकाचा नसतो. त्यामुळे मला माळरान यांची वाट जास्त न्याय्य वाटते: ज्याला जायचं त्याने जावं, ज्याला राहायचं त्याने राहावं, ग्रुप दोन ॲपमध्ये मिळून चालावा. म्हणून त्या कायद्यातलं दोन वर्षांनंतरचं ग्रुपचं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. दोघांमधला मेसेज उघडून फारसं कुणी हलणार नाही, लोक ग्रुपमुळे अडकलेत. मागणी खरंच बदलते का, हे त्या कलमाचा प्रत्यक्ष वापर झाल्यावर युरोपातल्या लहान ॲपच्या ग्राहकसंख्येत दिसेल, आणि त्यातही किती जणांनी जुनं ॲप काढून टाकलं, त्यात.


चक्रधर

काढून टाकलेल्यांची संख्या. हो, मोजायचं तर तेच मोजावं.